टॅग लावलात, आता जागेचं बोला

2025 च्या नोव्हेंबरात मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवून त्यांना सोडण्यात आलं. अपापांग, अलांग आणि आहू अशी त्यांची नावं. पुढे आठवडाभर समाजमाध्यमांवर या तिघांचं धावतं समालोचन चाललं. अपापांगने 76 तासांत सुमारे 3,100 किलोमीटर कापले, मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठली. अलांगचा मुक्काम वाटेत एक रात्र तेलंगणात आणि तीनेक तास महाराष्ट्रात झाला. त्यानंतर महिनाभरातच कारवारच्या किनाऱ्यावर एक कुरव, म्हणजे सीगल, सापडला. त्याच्या पाठीवर चिनी विज्ञान अकादमीच्या संस्थेचं नाव असलेला टॅग होता आणि जवळच नौदलाचा तळ. मग चर्चेचा सूर पार पालटला. कालपर्यंत ज्या यंत्राचं कौतुक चाललं होतं, त्याच जातीचं यंत्र आज हेरगिरीचं साधन ठरलं. आणि या दोन्ही गोंगाटांत तिसरा एक आवाज सारखा येत राहिला: दीडशे ग्रॅमच्या मुक्या जिवाच्या पाठीवर यंत्र बांधायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

कौतुक, संशय आणि कणव. तिन्ही भावना समजू शकतात, पण तिघांची नजर पक्ष्यावर खिळलेली आहे, आणि वाद भरकटला आहे तो त्यामुळेच. टॅग लावण्यामागचा हेतू पक्षी किती लांब उडतो हे पाहणं एवढाच असेल, तर कणव बाळगणाऱ्यांचं म्हणणं मी आत्ताच मान्य करतो: नका लावू. अमूर ससाणा आफ्रिकेत जातो हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. टॅगचं समर्थन एकाच अटीवर होऊ शकतं. तो ज्या जागेकडे बोट दाखवेल, त्या जागेबद्दल कोणीतरी निर्णय घ्यायला बांधील असलं पाहिजे. तो निर्णय कोण घेणार आणि कधी घेणार, हे टॅग लावण्याआधी लिहून ठेवलेलं असावं. ही अट पाळली जात असेल तर मी टॅगच्या बाजूने आहे, आणि ठामपणे आहे.

पक्षी कुठे जातात हा प्रश्न माणसाने किती काळ निव्वळ अंदाजांवर भागवला, ते पाहण्यासारखं आहे. हिवाळ्यात दिसेनासे होणारे पक्षी चिखलात झोपतात किंवा चक्क दुसऱ्या जातीचे पक्षी होतात, अशी समजूत युरोपात शतकानुशतकं चालली. 1822 साली जर्मनीतल्या क्ल्युट्झ गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकी बनावटीचा भाला आरपार अडकलेला होता. तो भाला घेऊन पक्षी जर्मनीपर्यंत आला होता. रोस्टॉक विद्यापीठात तो पेंढा भरून अजूनही ठेवलेला आहे. क्रूर आणि अपघाती खरा, पण स्थलांतराचा हा पहिला ठळक ‘टॅग’. 1899 मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगच्या पायात क्रमांक कोरलेल्या कड्या घालायला सुरुवात केली, आणि अपघाताची जागा पद्धतीने घेतली. कडीची मर्यादा मात्र उघड होती. पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागावा लागतो, आणि त्या माणसाला कडीवरचा पत्ता वाचून पत्र टाकावंसं वाटावं लागतं. आपल्याकडच्या कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा असा मजकूर कोरलेला असे. हजारो पक्ष्यांना कड्या घालाव्यात तेव्हा मोजक्यांची खबर परत येई, आणि तीही दोन टोकांचीच. मधल्या वाटेवर पक्षी कुठे उतरला, काय खाल्लं, कुठे अडखळला, हे कडी सांगत नाही. उपग्रह टॅग नेमकं तेच सांगतो, आणि धोका बहुतेक वेळा त्या मधल्या वाटेवरच असतो.

याचं सर्वात बोलकं उदाहरण माझ्या मते अर्जेंटिनाचं आहे. स्वेनसन हॉक हा उत्तर अमेरिकेतला शिकारी पक्षी. गेल्या शतकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियात त्यांची संख्या रोडावत होती. घरट्यांच्या जागा शाबूत होत्या, पिल्लंही होत होती, पण दक्षिणेला गेलेले पक्षी पुरेसे परतत नव्हते. 1994 मध्ये तिथल्या अभ्यासकांनी दोन पक्ष्यांना उपग्रह टॅग लावले आणि संकेतांचा माग काढत ते अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ मैदानांत पोचले. तिथे त्यांना झाडांखाली मेलेल्या हॉकचा सडा दिसला. शेतकरी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारत होते आणि हे पक्षी फवारलेले नाकतोडे खात होते. पुढच्या हंगामात पाच हजारांहून अधिक मृत पक्षी प्रत्यक्ष मोजले गेले आणि एकूण बळींचा अंदाज वीस हजारांच्या घरात गेला. त्यानंतर अर्जेंटिना सरकार, कीटकनाशक उत्पादक आणि अभ्यासक एका टेबलावर बसले. त्या भागातून मोनोक्रोटोफॉस मागे घेतलं गेलं, आणि सामूहिक मृत्यूंचं सत्र थांबलं.

मोनोक्रोटोफॉस हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा चौकशीच्या यादीत हे रसायन होतंच. म्हणजे पंपासमध्ये जे विष हॉकच्या मुळावर उठल्याचं 1996 मध्ये जगजाहीर झालं होतं, ते आपल्याकडे त्यानंतर वीस वर्षांनीही दुकानात सहज मिळत होतं. पक्ष्याचा माग काढणं ही शहरी हौशी मंडळींची चैन आहे असं म्हणणाऱ्यांनी या दोन घटना एकाखाली एक ठेवून वाचाव्यात. कीटक खाणारा पक्षी आणि पंप पाठीवर घेतलेला मजूर एकाच रसायनाच्या टप्प्यात उभे असतात. पक्षी आधी पडतो, एवढाच फरक. त्याचं पडणं वेळेवर कळलं, तर ते ऐकायचं की नाही हा प्रश्न उरतो, आणि तो पक्षिशास्त्राच्या कक्षेतला नाही.

आता कणवेच्या बाजूकडे वळू. या बाजूचा सर्वात मजबूत पुरावा भावनेत नाही, आकड्यांत आहे. किंग पेंग्विनच्या पंखावर धातूच्या पट्ट्या लावून त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालत असे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या अभ्यासाने दाखवलं की पट्टी लावलेल्या पेंग्विनांचं जगण्याचं प्रमाण पट्टी न लावलेल्यांपेक्षा 16 टक्क्यांनी कमी होतं आणि पिल्लं 39 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे ज्या पक्ष्यांवरून हवामानबदलाविषयी निष्कर्ष काढले जात होते, त्यांचं आयुष्य मोजणाऱ्याच्या हातानेच बिघडलं होतं. हे साधं प्रकरण नाही. मोजमापाने मोजायची गोष्टच बदलत असेल, तर क्रूरपणा बाजूला ठेवला तरी विज्ञान म्हणूनही ते फसतं. अमूर ससाण्याच्या बाबतीत हिशेब करून पाहा. 2013 मध्ये नागालँडात लावलेले टॅग पाच ग्रॅमचे होते. पक्ष्याचं वजन दीडशे ग्रॅम धरलं तर हा भार 3.3 टक्के होतो, आणि सर्वसाधारण संकेत तीन टक्क्यांच्या आत राहण्याचा आहे. वाळवी खाऊन चरबी चढलेल्या मादीच्या बाबतीत तो संकेत पाळला जातो, सडपातळ नराच्या बाबतीत मोडतो. तो भार घेऊन त्या पक्ष्याला अरबी समुद्र न थांबता ओलांडायचा असतो.

मग थांबावं का? सरसकट थांबणं हे उत्तर मला पटत नाही, कारण टॅग न लावण्याचीही किंमत असते. ती दिसत नाही, म्हणून हिशेबात धरली जात नाही. पंपासमधले वीस हजार हॉक कोणी मोजलेच नसते, तर ते मेले नसते का? पेंग्विनच्या अभ्यासातून निघणारा धडा मला वेगळा वाटतो: कोणत्या पक्ष्यावर कोणतं यंत्र किती काळ आणि कशासाठी, हे दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागेल. आणि त्याच्या जोडीला अपयशाची नोंद जाहीर व्हायला हवी. किती पक्ष्यांना टॅग लावले, त्यांपैकी किती वर्षभरात गप्प झाले, त्यांतले किती यंत्र बिघडल्याने आणि किती पक्षी मेल्याने, हे आकडे उड्डाणाच्या विक्रमाइतक्याच ठळक अक्षरांत आले पाहिजेत. 2013 चे नागा, वोखा आणि पांग्ती हे तीन ससाणे आठवतात. त्यांतले नागा आणि पांग्ती पुढच्या वर्षी परत आले, हेही आठवतं. 2018 साली टॅग लावलेला ‘मणिपूर’ नावाचा ससाणा काही दिवसांतच तामेंगलाँगमध्ये शिकाऱ्याच्या हातून मेला. तो मात्र फारसा कोणाला आठवत नाही. वास्तविक त्या मृत्यूने जी माहिती दिली ती कुठल्याही विक्रमी उड्डाणापेक्षा मोलाची होती: शिकार थांबली असं सगळे म्हणत असताना ती त्या भागात पुरती थांबलेली नव्हती.

याच संदर्भात एक अवघड प्रश्न संशोधकांना विचारायला हवा, आणि तो त्यांचा मान राखून विचारता येतो. अमूर ससाण्याचा मार्ग 2013 पासून माहीत आहे. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून ईशान्य भारत, तिथून द्वीपकल्प ओलांडून अरबी समुद्र, सोमालिया आणि पुढे दक्षिण आफ्रिका. मग 2025 मध्ये आणखी तीन पक्षी कशासाठी? याची चांगली उत्तरं असू शकतात. वाऱ्यांचं वेळापत्रक बदलतं आहे का, कोवळा पक्षी प्रौढांचीच वाट धरतो का, मणिपूरचे थवे नागालँडच्या थव्यांहून वेगळे वागतात का. पण आपल्यापर्यंत पोचले ते किलोमीटर आणि तास. प्रश्न काय होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. ज्यांनी हा प्रकल्प राबवला त्यांच्यापेक्षा हा दोष ज्यांनी तो क्रिकेटच्या धावफलकासारखा मांडला त्यांचा अधिक आहे, हे कबूल. तरीही सार्वजनिक पैशाने आणि एका जंगली जिवाला जोखमीत घालून जे काम होतं, त्यामागचा प्रश्न साध्या भाषेत आधी जाहीर करणं इतकं जड जाऊ नये.

तीन पक्ष्यांवरून काय कळणार, हा आक्षेप शहाण्यासुरत्या माणसांकडूनही येतो. लाखोंच्या थव्यातले तीन. संख्याशास्त्राच्या दृष्टीने आक्षेप बरोबर आहे. तीन पक्ष्यांवरून सरासरी काढू नये. पण सरासरी सांगणं वेगळं आणि एखादी गोष्ट घडते हे सिद्ध करणं वेगळं. दुसऱ्या कामाला एक पक्षी पुरतो. भाला घेऊन आलेला करकोचा एकच होता आणि त्याने चिखलात झोपणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट मोडीत काढली. पंपासकडे बोट दाखवायला दोन पुरले. त्यांनी दिलेल्या पत्त्यावर माणसं पोचली आणि मग हजारो पक्षी हाताने मोजले गेले. टॅग पत्ता देतो; मोजणी, चौकशी आणि भांडण माणसांना पायी जाऊन करावं लागतं. म्हणूनच पत्ता घेऊन घरी बसणाऱ्या प्रकल्पांवर माझा राग आहे.

नागालँडची गोष्टही या वादात चुकीच्या पद्धतीने सांगितली जाते. आपल्याकडच्या व्याख्यानांतून ती साधारण अशी येते: वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाण्यांची कत्तल व्हायची, मग शास्त्रज्ञांनी टॅग लावले, लोकांना पक्ष्यांचं मोल कळलं, शिकार थांबली. क्रम उलटा आहे. 2012 च्या हंगामात जलाशयावर जाळी लावून सव्वा लाखाच्या आसपास पक्षी मारले गेल्याचा अंदाज एका छोट्या पथकाने छायाचित्रांसह जगापुढे आणला. शशांक दळवी त्यातले एक. पुढच्या वर्षभरात पांग्ती, आशा, सुंग्रो या लोथा नागांच्या गावांतल्या ग्रामपरिषदा, चर्च आणि स्थानिक कार्यकर्ते यांनी मिळून बंदी घातली. 2013 च्या हंगामात जाळी लागली नाहीत, आणि टॅग लावले गेले ते त्याच हंगामात नोव्हेंबरात, शिकार थांबलेली असताना. म्हणजे शिकार टॅगने थांबवलेली नाही. ती थांबवली गावकऱ्यांनी, आणि तीही पदरचं उत्पन्न सोडून. दोयांग धरणात त्यांची शेतजमीन आधीच गेलेली होती. जलाशयाने दिलेली मासेमारीची जाळीच पुढे ससाण्यांसाठी वापरली गेली, हा तपशील व्याख्यानांत सहसा नसतो.

मग टॅगचं काम तिथे काय? एका गावाने घेतलेल्या निर्णयाला त्याने भूगोल दिला. आपण सोडलेला पक्षी सोमालियात पोचला, मंगोलियात विणीला गेला आणि पुढच्या वर्षी आपल्याच जलाशयावर परतला, हे गावाला दिसलं. पक्ष्याला गावाचं नाव देणं ही युक्ती मी सुरुवातीला हलकी समजण्याच्या बेतात होतो, पण तिथे ती उपयोगी पडली यात शंका नाही. मात्र त्याच भूगोलाने एक देणंही दाखवून दिलं, आणि ते अजून थकलेलं आहे. सैबेरियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत डझनभर देश या पक्ष्याच्या जगण्याचा फायदा घेतात. तिथली पिकं कीटकांपासून राखली जातात, तिथलं पर्यटन चालतं. त्याच्या रक्षणाची झळ मात्र पांग्तीने सोसली. स्थलांतरी प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत 1983 पासून आहे, 2020 मध्ये गांधीनगरला त्याची जागतिक परिषद भरवली. अशा परिषदांत पक्ष्यांच्या मार्गांचे नकाशे भिंतीवर लागतात. त्या नकाशावरच्या गावांना भरपाई कोण देणार, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर किती वेळा आला?

हेरगिरीच्या आरोपाची थट्टा करून सोडून देणं सोपं आहे, आणि थट्टेला जागाही भरपूर आहे. 2023 मध्ये चेंबूरला पायात कड्या आणि पंखांवर चिनी वाटणारी अक्षरं असलेलं कबूतर पकडलं गेलं. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात त्याने आठ महिने कैद भोगली. शेवटी कळलं की ते तैवानमधलं शर्यतीचं कबूतर. 2024 च्या नोव्हेंबरात कारवारलाच टॅग लावलेल्या एका गिधाडाने घबराट उडवली. ते निघालं आपल्या ताडोब्याचं, महाराष्ट्राच्या वनखात्याच्या प्रकल्पातलं. सौदी अरेबियात 2011 साली तेल अवीव विद्यापीठाचा टॅग असलेलं गिधाड ‘अटक’ झालं होतं. म्हणजे हा रोग एका देशाचा नाही. पण माझ्या मते संशय घेणाऱ्यांच्या हाती एक खरा मुद्दा आहे आणि तो आपण, टॅगची बाजू घेणारे, नीट ऐकत नाही.

1957 मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. विषाणू रशियात आढळणाऱ्या एका विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. तो स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून आला असावा का, या शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कड्या घालण्याचं मोठं काम उभं राहिलं. पक्ष्यांवरचा तो संशय पुढे टिकला नाही. आजार इथल्याच जंगलातला निघाला. आज तोच माकडताप सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्ग पट्ट्यात आणि गोव्यात सत्तरीत काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना गाठतो. पण पक्ष्यांच्या त्या कामाला पुढे अमेरिकन सैन्याच्या ‘मायग्रेटरी अॅनिमल पॅथॉलॉजिकल सर्व्हे’चा पैसा आला, आणि सत्तरच्या दशकात वादळ उठलं. पक्ष्यांमार्फत जंतुयुद्धाची तयारी चालली आहे असे आरोप झाले. 1975 मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीने परदेशी सहभागाच्या अशा प्रकल्पांवर ताशेरे ओढले. जंतुयुद्धाचा भाग कल्पनाविलास होता असं मानलं, तरी परक्या देशाच्या सैन्याच्या पैशावर गोळा झालेली माहिती आणि नमुने कोणाच्या ताब्यात राहतात, हा प्रश्न अगदी रास्त होता. तो प्रश्न गोंगाटात हरवला. शास्त्रज्ञ स्वतःचा बचाव करत राहिले, टीकाकार विषाणूंच्या गोष्टी सांगत राहिले, आणि माहितीच्या मालकीचं उत्तर ना त्यांनी दिलं ना यांनी मागितलं.

तेच आज कारवारला होतंय. पाठीवरचा टॅग पक्ष्याचं ठिकाण सांगतो. उपग्रहाच्या जुन्या पद्धतीत ती जागा शेकडो मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकते. नव्या जीपीएस टॅगमध्ये ती काही मीटरांवर येते. पक्षी धक्क्यावर बसला होता एवढं त्यातून कळेल. धक्क्यावर काय उभं आहे ते पाहायला बड्या देशांकडे अवकाशातले कॅमेरे आहेत, त्यांना कुरवाची मनधरणी करायची गरज नाही. खरी जोखीम उलट्या दिशेने आहे. पक्षी किंवा प्राणी नेमका कुठे आहे ही माहिती शिकाऱ्याच्या हाती लागण्याची. पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती ज्या ईमेल खात्यात येत होती, ते फोडायचा प्रयत्न 2013 मध्ये झाला होता. म्हणून माहिती उशिराने प्रसिद्ध करा, पण टॅग कोणाचा, कोणत्या परवानगीने आणि माहिती कोणाच्या सर्व्हरवर जाते, याची नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून उघडी ठेवा. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला क्रमांक टाकून दोन मिनिटांत ‘ताडोबा, गिधाड’ असं उत्तर मिळालं, तर त्या दिवशीची घबराट त्याच दिवशी संपेल.

टॅगने दाखवलेल्या जागेबद्दल निर्णय झालाच पाहिजे, ही सुरुवातीची अट आता आपण स्वतःला लावून पाहू. 2022 मध्ये ठाणे खाडीत सहा फ्लेमिंगोंना सौरऊर्जेवर चालणारे टॅग लावले गेले. सलीम, हुमायूं, मॅककॅन, लेस्टर, खेंगारजी अशी पक्षिशास्त्राच्या इतिहासातली नावं त्यांना मिळाली. सहाव्याचं नाव नवी मुंबई. ते पावसाळ्यात गुजरातकडे गेले आणि परतले, याच्या बातम्या झाल्या. मात्र टॅगची अधिक मोलाची नोंद होती ती रोजच्या हालचालींची. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी तिथे चरतात. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना जवळपास उथळ पाण्याची, निवांत टेकायची जागा लागते. नवी मुंबईतली सीवूड्स-नेरूळची तळी ही ती जागा. खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तळी कुंपणाबाहेर राहिली. म्हणजे दिवसातल्या निम्म्या वेळेचं घर राखलं आणि उरलेल्या निम्म्या वेळेची जागा बांधकामाच्या नकाशात ठेवली. 2024 च्या सुरुवातीला त्यांतल्याच डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, तळं आटलं, फ्लेमिंगो मेले. ते तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता मिळाली 2025 मध्ये. बाकीच्या पाणथळांचं भांडण सुरूच आहे.

यावरचा सर्वात वजनदार प्रतिवाद विमानतळाचा आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेत 39 फ्लेमिंगो मेले, विमानाचंही नुकसान झालं. तीनशे माणसांच्या जिवापुढे तळ्याचं काय घेऊन बसलात, असं कोणी विचारलं तर मी त्याला निर्दय म्हणणार नाही. पण तळं बुजवल्याने पक्षी नाहीसे होतात हे गृहीतक तपासलं कोणी? खाडी तिथेच राहणार, चिखल तिथेच राहणार, भरती रोज येणारच. टेकायची जागा गेली की थवा भरतीच्या वेळी हवेत राहतो, नवी जागा शोधत भरकटतो, आणि ती जागा धावपट्टीच्या कुशीतली असू शकते. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उंचीवरून जाणारा थवा विमान नियंत्रकाला हाताळता येतो. बेघर झालेला थवा येत नाही. आणि ती वाट, वेळ आणि उंची सांगण्याचं साधन आपल्याकडे आजघडीला टॅग हेच आहे. भरतीचं वेळापत्रक तर वर्षभर आधी छापलेलं असतं.

म्हणून मागणी साधी आहे. खाडीच्या काठावरच्या कुठल्याही भूखंडाचा वापर बदलायचा प्रस्ताव हरकती-सूचनांसाठी येईल, तेव्हा टॅग लावलेल्या पक्ष्यांच्या हालचालींचा नकाशा त्या प्रस्तावाला जोडलेला असावा, मराठीत, आणि मुदत सुरू होण्याच्या दिवशी. तसंच लोणावळ्याच्या पठारांवर दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात उतरणाऱ्या अमूर ससाण्यांबाबत. ते तिथे कोणते किडे खातात, त्या किड्यांवर काय फवारलेलं असतं, साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पवनचक्क्यांच्या पठारांवरून त्यांचा किती वावर असतो, हे प्रश्न वनखात्याने आणि कृषी खात्याने एकत्र बसून आधी लिहून काढावेत. त्यांची उत्तरं पायी फिरून, दुर्बिणीने मिळत असतील तर पक्ष्याला हात लावू नये. मिळत नसतील तर खुशाल टॅग लावावा, आणि उत्तर आल्यावर कोणता अधिकारी किती दिवसांत काय करणार, ते परवानगीच्या त्याच कागदावर सहीनिशी असावं.